रात्री दोनचं दूध

रातपाळी

लहान मुलांच्या वॉर्डात मला चौदा वर्षं झाली. मी सिस्टर. वॉर्ड कुठला ते सांगत नाही, त्यानं काही फरकही पडत नाही. खाटा वीस, मुलं तीसच्या पुढे, रात्री आम्ही दोघी, डॉक्टर फोनवर. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दोन, त्यातला एक चालू आणि दुसरा कोपऱ्यात चादर पांघरून बसलेला. पल्स ऑक्सिमीटर एकच, तो माझ्या खिशात.

मागच्या आठवड्यात नव्या आलेल्या सिस्टरनं विचारलं, "इथे काहीच नाही, मग आपण नेमकं करतो काय?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हा धागा काढतेय.

मला वाटतं, आमच्याकडे जी मुलं हातची जातात त्यांतल्या बऱ्याच जणांकडे वेळेवर कुणी बघितलेलंच नसतं. मशीनचा नंबर त्यानंतर लागतो. आता रांगेचंच घ्या. दाखल व्हायला आलेल्यांत जे मूल गळा काढून रडतंय त्याला सगळे आधी पुढे घेतात. रडणाऱ्या मुलाचा श्वासमार्ग मोकळा असतो, अंगात ताकद असते. धोका असतो तो आईच्या खांद्यावर मान टाकून निपचित पडलेल्याला. "शांत झोपलंय" म्हणून ते रांगेत शेवटी राहतं. माझ्या दुसऱ्याच वर्षी असं एक मूल माझ्यासमोर पाऊण तास रांगेत होतं. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

मलावीत ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात याच गोष्टीवर काम झालं. आलेल्या प्रत्येक मुलाला दारातच काही सेकंद बघायचं: श्वास नीट आहे का, हातपाय गार आहेत का, शुद्धीवर आहे का, झटके येताहेत का, जुलाबानं सुकलंय का. मग तीन गट. तातडीचे, लवकर बघायचे, आणि थांबू शकतील असे. हे बघायला डॉक्टर लागत नाही, केसपेपर काढणारा माणूससुद्धा शिकू शकतो. ही पद्धत आणि दाराजवळच तातडीच्या उपचारांची जागा, एवढं केल्यावर तिथले वॉर्डातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं हेच प्रशिक्षण जगभर नेलं.

तर सिस्टर, डॉक्टर, आईबाप, ज्यांनी ज्यांनी असे वॉर्ड बघितलेत त्यांनी लिहा. वॉर्डाचं नाव नको, माणसांची नावं नकोत.

पालवी

मी आईच्या बाजूनं लिहिते. मुलगा अकरा महिन्यांचा असताना न्यूमोनियानं नऊ दिवस दाखल होता. नऊ दिवसांत मला सगळ्यांनी मिळून सांगितलेलं वाक्य एकच: "बाजूला व्हा."

मी चोवीस तास त्याच्याजवळ होते. तिसऱ्या रात्री त्याचं पोट जास्त उडायला लागलं, तेव्हा मला वाटलं औषधामुळे होत असेल. उठवायचं कुणाला, आणि उठवलं तर ओरडतील का, याच विचारात तास गेला. काय दिसलं तर हाक मारायची हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर तो तास गेला नसता. मुलगा आता दहावीत आहे. पण तो तास माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ओपीडी_तीन

पालवीताई, तुमचा प्रतिसाद छापून प्रत्येक वॉर्डात लावायला हवा. आईला सांगायच्या खुणा खरं तर चारपाचच आहेत. पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. प्यायलेलं सगळं उलटून टाकतं. झटका आला. हाक मारली तरी डोळे धड उघडत नाही. आणि श्वास: बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, कण्हतंय, नाकपुड्या फुलताहेत. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे तीन असोत, उठवायचं.

श्वास मोजणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम आहे. पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना, पोटाकडे बघून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात आहे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, गुणाकारात चूकही चौपट होते. केसपेपरांवर मी इतक्या वेळा 'श्वास ३०' वाचलाय, की हा आकडा कुणी मोजत नसून वारशानं लिहीत असावं अशी माझी खात्री पटलीय.

नवखी

इंटर्न आहे, गेल्याच महिन्यात बालरोग विभागात आले. ३० लिहिणाऱ्यांत मीही होते, कबूल. पण सर, वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. फोन हातात धरला की नातेवाईक म्हणतात डॉक्टर फोनवर खेळतात.

तिरकस

रातपाळी, हेतू चांगला आहे, पण असे धागे वाचून माझं डोकं फिरतं. "मशीन नको, नजर हवी" हे ज्यांना मशीन द्यायचं नाही त्यांच्या फार सोयीचं आहे. गरिबाच्या मुलाला नजर आणि पैसेवाल्याच्या मुलाला व्हेंटिलेटर? दोन सिस्टर तीस मुलांकडे 'बघणार' तरी कशा? आहे त्यात भागवण्याचं इतकं कौतुक झालं की मागणी करायची ताकदच जाते. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमस्व.

रातपाळी

क्षमा कशाला, बरोबर बोललात. दोन सिस्टर तीस मुलं बघू शकत नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. मला मशीन हवंच आहे. प्रश्न आहे तो मशीन आल्यावर काय होतं, याचा.

बबल सीपॅपचं उदाहरण देते. नाकातून ऑक्सिजन द्यायचा आणि बाहेर पडणाऱ्या हवेची नळी पाण्याच्या बाटलीत ठरावीक खोलीवर बुडवायची, म्हणजे फुप्फुसात थोडा दाब टिकतो आणि ती मिटत नाहीत. स्वस्त, साधं. ढाक्याच्या एका रुग्णालयात तीव्र न्यूमोनियाच्या मुलांवर याचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवर ४ टक्के. सगळ्यांना वाटलं, सापडलं! मग मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात तसंच करून पाहिलं. तो अभ्यास २०१९ मध्ये आला. तिथे बबल सीपॅपवर १७ टक्के गेली आणि साध्या ऑक्सिजनवर ११. उलटंच!

दोन्हीकडची मुलं अगदी सारखी नव्हती हे खरं. मलावीत एचआयव्ही आणि कुपोषण असलेली मुलं बरीच होती. पण ढाक्यात अनुभवी डॉक्टर आणि सिस्टर सतत जवळ होत्या, आणि मलावीत रोज डॉक्टर नव्हते. नाकात घट्ट बसवलेली नळी, पोटात जाणारी हवा, उलटी झाली तर ती श्वासात जाण्याचा धोका, हे सगळं कुणीतरी बघायला लागतं. तेव्हा तिरकस, तुमची मागणी मी अजून वाढवते. मशीन मागाल तेव्हा त्याच कागदावर माणसंही मागा.

पाना_पक्कड

या धाग्यावर माझ्यासारख्याचं काय काम असं वाटेल, पण मी रुग्णालयांतली उपकरणं दुरुस्त करतो. चादर पांघरलेला कॉन्सन्ट्रेटर वाचून हसू आलं, कारण मी जातो तिथे तो असतोच. काही ठिकाणी त्यावर देवाचा फोटोही असतो.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, खोलीतली हवा गाळतो. आत झिओलाइटचे खडे असतात, ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. म्हणजे त्याचे शत्रू दोन, धूळ आणि ओल. मागची जाळी आठवड्याला धुवून, पूर्ण वाळवून लावायची. ओली लावलीत तर न धुतलेली बरी. भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याला श्वास घ्यायला जागा लागते. वीज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर हवाच.

आणि महत्त्वाचं म्हणजे मशीन घरघरतंय याचा अर्थ ऑक्सिजन येतोय असा होत नाही. खडे ओल धरून संपले की त्यातून जवळपास साधी हवा येते आणि आवाज तोच राहतो. शुद्धता ८२ टक्क्यांच्या खाली गेली की तो ऑक्सिजन उपचाराच्या कामाचा नाही. ती मोजायला हातात मावणारं यंत्र मिळतं. दहा वॉर्डांत मिळून एक असलं तरी पुरतं, पण ते कुणाकडे नसतं.

दुसरी एक सवय: एकाच नळीला वाय जोड लावून दोन मुलांना ऑक्सिजन देतात. ज्याची नळी आखूड किंवा मोकळी त्याला जास्त जातो, दुसऱ्याला किती गेला कुणालाच कळत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र फ्लोमीटर असलेला स्टँड लावा. आणि एक भरलेला सिलिंडर वॉर्डात कायम ठेवा, पान्यासकट. पान्यासकट हे दोनदा वाचा. रात्री वीज गेल्यावर सिलिंडर आहे, पाना स्टोअरच्या कुलपात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ओपीडी_तीन

पान्याबद्दल टाळ्या. पापुआ न्यू गिनीच्या पाच रुग्णालयांत नेमकं हेच केलं होतं: कॉन्सन्ट्रेटर, पल्स ऑक्सिमीटर, आणि दोन्ही वापरायचं व दुरुस्त ठेवायचं शिक्षण. न्यूमोनियाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, २००८ मध्ये त्यावर लेख आला. नुसती मशीनं उतरवून ट्रक परत गेला असता तर हे झालं नसतं.

ऑक्सिमीटरविषयी एक टीप. मोठ्या माणसाचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटाला लावला तर तो काहीही आकडा दाखवतो. बाळासाठीचा गुंडाळायचा प्रोब हवा, पाय गार असेल तर आधी ऊब द्यायची, आणि नाडीचा आकडा हातानं मोजलेल्या नाडीशी जुळतोय का ते बघायचं. जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास नको. ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन सुरू, मूल कितीही 'बरं' दिसो. नुसत्या ओठांच्या रंगावरून ओळखू म्हणाल तर निळेपणा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

मधला_बाक

एक भाबडा प्रश्न. आमच्या भाच्याला जुलाब झाले, दाखल केलं, आणि तिथे वाटीचमच्यानं जलसंजीवनी पाजायला सांगितली. आम्हाला वाटलं टोलवताहेत. दाखल केलंय तर सलाईन का नाही लावत? घरी पाजायचं तर दवाखाना कशाला?

ओपीडी_तीन

प्रश्न भाबडा नाही, रोजचा आहे. मूल पिऊ शकत असेल आणि शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेलं नसेल, तर तोंडावाटे दिलेली जलसंजीवनी सलाईनइतकंच काम करते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. नुसत्या पाण्यानं हे होत नाही.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. माणसं जमिनीवर पडलेली, सलाईन संपत आलेलं. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून पिंपांतल्या पाण्यात कालवल्या आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. आधी ३० टक्क्यांच्या आसपास माणसं मरत होती, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणारे हात नातेवाइकांचे होते, हे लक्षात घ्या. तुम्हाला टोलवलं नव्हतं, कामाला लावलं होतं.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी हळू, चमच्याचमच्यानं. सोबत झिंक १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. दाखल करायचं कारण एवढंच, की दर तासाला कुणीतरी बघावं: डोळे खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती वेळानं खाली बसते, लघवी झाली का. शॉकची लक्षणं दिसली तर सलाईन लगेच, तेव्हा वाटीचमचा नाही.

नवखी

सर, शॉक म्हटलं की आम्हाला भराभर सलाईन द्यायला शिकवलंय. पण परवा सिनियरनी थांबवलं. का ते सांगायला त्यांना वेळ नव्हता.

ओपीडी_तीन

सिनियरनी बहुधा २०११ चा फीस्ट अभ्यास वाचला असेल. केनिया, युगांडा आणि टांझानियातली तीन हजारांहून जास्त मुलं. ताप आणि रक्ताभिसरण ढासळल्याची लक्षणं असलेल्या मुलांना एका गटात भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण), दुसऱ्यात नाही. सगळ्यांना वाटत होतं भराभर द्रव मिळालेली जास्त जगतील. ४८ तासांत त्या गटांत साधारण १०.५ टक्के मुलं गेली आणि ज्यांना तसं दिलं नाही त्यांत ७.३. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आम्ही वर्षानुवर्षं ठामपणे करत आलेल्या गोष्टीचा असा निकाल आल्यावर मला चार दिवस धड जेवण गेलं नव्हतं.

पण याचा अर्थ 'सलाईन वाईट' असा काढू नका. जुलाबानं सुकलेली मुलं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती, त्यांना पाणी हवंच. तीव्र कुपोषित मुलंही नव्हती, त्यांचे नियम वेगळे. मलेरिया किंवा रक्तक्षयानं कोलमडलेल्या मुलाला, जिथे व्हेंटिलेटर नाही, तिथे हात आवरून, सारखं तपासत द्यावं. किती द्यायचं ते मुलासमोर उभं राहून वरिष्ठांना विचार, धाग्यावरून घेऊ नकोस.

रातपाळी

सलाईन जास्त जाऊ नये यासाठी आमची युक्ती: मायक्रोड्रिप संच. त्याचे ६० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. त्यामुळे मिनिटाला जेवढे थेंब, तासाला तेवढेच मिलिलिटर. पंप नसला तरी हिशोब डोक्यात होतो. ब्युरेट, म्हणजे बाटलीखाली लावायची मापाची नळी, असेल तर त्यात एकदोन तासांपुरतंच भरायचं. म्हणजे चाक सैल झालं किंवा कुणा मावशीनं चादर बदलताना ढकललं, तरी अख्खी बाटली मुलाच्या अंगात जात नाही.

आता ज्यासाठी धाग्याला हे नाव दिलं, तिथे येते. तीव्र कुपोषित मूल.

अशा मुलाचं शरीर काटकसरीवर चाललेलं असतं. हृदय, मूत्रपिंड, यकृत सगळे अर्ध्या ताकदीनं काम करतात, साखरेचा साठा जवळपास नाही. त्याला एकदम भरपूर खाऊपिऊ घातलं तर ते सोसवत नाही. म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात, १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी. भूक परत आली, सूज उतरायला लागली, की मग एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध किंवा तयार पौष्टिक पेस्ट. लोह पहिल्या आठवड्यात नाही, कितीही फिकट दिसलं तरी. नव्या सिस्टर इथे हमखास वाद घालतात.

हे दूध दर दोन ते तीन तासांनी द्यायचं. रात्रीसुद्धा. मधल्या काळात रक्तातली साखर घसरते, ५४ मिलिग्रॅमच्या खाली आली की धोका, आणि साखर उतरली की अंगही गार पडतं. दोन्ही हातात हात घालून येतात. मूल घाम फोडून किंचाळत नाही, नुसतं आणखी शांत होतं. पहाटे पाचला आई उठते तेव्हा ते गार असतं. तक्त्यावर मात्र दोनच्या दुधापुढे बरोबरची खूण असते, कारण ती सकाळी आठला एकदम सगळ्या खुणा करताना झालेली असते.

हे मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहीत नाहीये. मीही केल्यात अशा खुणा. एका रात्री तीन मुलं एकदम खालावली, दुधाची वेळ गेली, आणि सकाळी तक्ता रिकामा दिसू नये म्हणून भरला. त्या रात्री कुणाला काही झालं नाही. नशीब, दुसरं काय!

त्यानंतर मी तक्ता आयांच्या हातात दिला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वाट्यांची चित्रं, पाजलं की वाटीवर काट मारायची. राहिलं तर मोकळी सोडायची, कुणी रागावणार नाही. पहिल्या आठवड्यात इतक्या वाट्या मोकळ्या, की मलाच लाज वाटली. पण खरं काय चाललंय ते त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. आता दोनला एक आई उठते आणि शेजारच्या दोघींना हलवते. मी फेरी मारते तेव्हा त्या आधीच बसलेल्या असतात. घोटभर पिऊन मूल थांबलं, राहिलेलं नाकातल्या नळीनं द्यावं लागेल, हेही त्याच सांगतात.

पालवी

'कुणी रागावणार नाही' हे वाचून डोळे भरून आले. तुमच्या वॉर्डात असते तर.

तिरकस

तक्त्याची कबुली द्यायला हिंमत लागते. मानलं. पण माझा मुद्दा शिल्लक आहे. दोनला उठणारी आई दिवसभर काय करते? झोपते कुठे? जेवते काय? ती फुकटची सिस्टर झालीय. तिच्या घरी आणखी दोन मुलं असतील, रोजंदारी बुडत असेल. चौथ्या दिवशी ती मूल उचलून निघून जाते, आणि आपण केसपेपरवर 'सल्ला न मानता गेले' लिहून मोकळे.

रातपाळी

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे त्यांना खाटेखाली झोपावं लागतं. जेवण फक्त मुलाचं येतं. मागणी केली, अर्ज दिला, स्मरणपत्र दिलं. निघून जाणाऱ्या बायांपैकी एकीला जिन्यात गाठून विचारलं होतं. ती म्हणाली, "धाकटीला शेजारणीकडे दोन दिवसांसाठी ठेवलं होतं, आज सहावा."

मधला_बाक

आईला आत ठेवणं ही आपली मजबुरी आहे असंच मला वाटायचं. श्रीमंत देशांत मूल सिस्टरच्या हवाली करून आईबाप घरी जात असतील, नाही का?

ओपीडी_तीन

एकेकाळी तसंच होतं, आणि भेटायची वेळ ठरलेली. ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समितीच्या अहवालानं सांगितलं, की आईबापांना हवं तेव्हा येऊ द्या, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्या. आईबापांपासून तुटलेली मुलं वॉर्डात शहाण्यासारखी गप्प बसत. ती गप्प मुलं आतून खचलेली असतात हे कळायला बराच काळ गेला.

तुटवड्यातून निघून सगळ्या जगानं घेतलेली गोष्ट म्हणजे कांगारू पद्धत. १९७८, बोगोटा, कोलंबिया. इन्क्युबेटर कमी, एकात दोनतीन बाळं, संसर्ग. डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर उभी बांधायला सुरुवात केली. आधी लोकांनी ही गरिबांची तडजोड मानली. पाच देशांतल्या रुग्णालयांतला अभ्यास २०२१ मध्ये आला. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच छातीवर घेतलेल्यांत पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के गेली, नेहमीच्या पद्धतीत १५.७. तिथे आईला बाळाच्याच कक्षात खाट दिली होती. तिरकस, ही ओळ तुमच्यासाठी. आईची खाट हा तिथे उपचाराचा भाग होता.

तिरकस

मग अर्जात तसं लिहा. 'आईसाठी सोय' लिहिलं की फाईल खाली जाते. 'उपचाराचं साधन, नग वीस' लिहा. मी सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढलीत, शब्दांवर फाईल हलते.

रातपाळी

हे सुचलंच नव्हतं! उद्या नवा अर्ज.

नवखी

अवांतर वाटेल, पण विचारते. सुई टोचताना दोन माणसं मूल दाबून धरतात, आईला बाहेर काढतात. नंतर ते मूल माझा पांढरा कोट दिसला तरी थरथरतं. दुसरा मार्ग नाहीच का?

पालवी

आईच्या मांडीवर करू द्या की. माझा मुलगा कोटवाल्याला अजून घाबरतो.

ओपीडी_तीन

पालवीताईंनी सांगितलं तेच. तान्हं असेल तर अंगावर पाजत असतानाच टोचायचं, वेदना खरंच कमी होतात. मोठ्या मुलाला 'दुखणार नाही' म्हणू नकोस, खोटं एकदाच खपतं. 'दुखेल, दहा मोजेपर्यंत' म्हण, आणि दहाच्या आत आवर. दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर दुसऱ्या कुणाला बोलाव. आणि मूल तोंडानं औषध घ्यायला लागलं की कॅन्युला (शिरेतली नळी) काढ, ती ठेवून देण्यात काही शौर्य नाही. रोज पट्टी वर करून जागा लाल झालीय का बघ.

खेळणं हेही औषध आहे, विशेषतः कुपोषित मुलांना. जमैकात अशा मुलांसोबत रुग्णालयातच रोज ठरवून खेळायला सुरुवात केली आणि घरी गेल्यावरही ते चालू ठेवलं. त्यांची बौद्धिक वाढ नुसतं खायला मिळालेल्यांपेक्षा चांगली झाली. खेळणी विकत आणायची गरज नाही. रिकाम्या बाटलीत खडे घालून झाकण पक्कं चिकटव. आमच्याकडे झाकण निघालं होतं एकदा, खडे मुलाच्या तोंडात जाता जाता राहिले.

पाना_पक्कड

वॉर्डातली खेळणी धुता येतील अशीच ठेवा. कापडी भालू सगळ्यांचा सर्दीखोकला वाटत फिरतो. आणि हात धुवायची जागा दाराजवळ हवी, वॉर्डाच्या टोकाला असली तर कुणी जात नाही. नळ नसेल तर तोटी बसवलेली बादली.

रातपाळी

घरी पाठवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आम्ही सुट्टी दिली की सुटलो असं समजतो. पण गरीब देशांतले अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात, की गंभीर आजारातून उठून घरी गेलेली बरीच मुलं पुढच्या सहा महिन्यांत दगावतात. काही ठिकाणी ही संख्या वॉर्डातल्या मृत्यूंइतकीच भरते. कुपोषित, अगदी लहान आणि आधीही दाखल झालेली मुलं जास्त.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी आईलाच विचारते, "काय झालं तर परत आणशील?" तिनं तिच्या शब्दांत सांगायचं. मी सांगितलं की ती मान हलवते, त्या मान हलवण्याला अर्थ नसतो. पुढची तारीख कागदावर, आणि आली नाही तर कुणाला फोन करायचा तो नंबरही घेऊन ठेवते. शेजारणीचा असला तरी चालतो.

नवखी

आज श्वास मोजले. सहा मुलांचे, पूर्ण मिनिट. दोघांचे पन्नासच्या वर निघाले, केसपेपरवर दोघांचेही ३० होते. एकाला ऑक्सिजन लावला. आमच्या वॉर्डातले सर म्हणाले, कुणी मोजले? मी म्हटलं, मी.

घड्याळ अजून बंदच आहे. मैत्रिणीचं मनगटी घड्याळ घेऊन गेले होते.

तिरकस

सेल कुणाच्या बजेटमधून बसतो तुमच्याकडे? किरकोळ खर्चात मागा. तिकडे अर्ज करू नका, तीन महिने जातील.

पाना_पक्कड

सेल बदलून चालणार नाही, बहुतेक त्याची यंत्रणाच अडकली असेल, दमट वॉर्डात होतं तसं. मागचा फोटो टाका. आणि रातपाळी, तो चादरीखालचा कॉन्सन्ट्रेटर, त्याच्या मागच्या पट्टीवर किती तास चाललाय त्याचा आकडा असतो. तोही कळवा.

रातपाळी

आज रात्री ड्यूटी आहे. दोनच्या फेरीनंतर बघते.